मेंदूच्या सुजेवरची घाई एकदा नडली आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डोक्याला मार लागल्यावर मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी काय करतात, यावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. विषय घेतलात, बरे वाटले. पण या पेशी पिसाळतात आणि त्यांना गप्प करणारे औषध मिळाले की काम फत्ते, हा लेखाचा सूर खटकला. न्यूरोसर्जरीच्या आयसीयूत सिस्टर म्हणून बरीच वर्षे काढली, म्हणून लिहिते आहे.

या पेशी म्हणजे मायक्रोग्लिया. गर्भ अगदी लहान असतानाच त्या मेंदूत येऊन वस्ती करतात. पिओ देल रिओ ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये चांदीच्या क्षाराने रंगवून त्या वेगळ्या ओळखल्या. एरवी त्या स्वस्थ पडून असतात, असाच पुढे बरीच वर्षे समज होता. २००५ मध्ये जिवंत उंदराच्या मेंदूत डोकावून पाहिले, तर त्यांचे बारीक फाटे सारखे इकडेतिकडे चाचपत होते. लेसरने ठिपक्याएवढी जखम करताच आसपासच्या पेशींचे फाटे काही मिनिटांत तिकडे वळले आणि जखमेभोवती कडे करून बसले. फुटलेल्या पेशींतून सांडणारे एटीपी, म्हणजे पेशींना ऊर्जा पुरवणारा रेणू, हाच त्यांना सांगावा. मेलेल्या पेशींचा कचरा उचलायचा तोही त्यांनीच. ही माणसे कामावरून काढून कसे चालेल?

त्या नुकसान करतात, हेही खरे. त्यांनी सोडलेल्या दाहक रसायनांत शेजारच्या धडधाकट चेतापेशी भरडल्या जातात. मार एका क्षणाचा, पण पडझड पुढे कित्येक दिवस चालते. आम्ही दर तासाला टॉर्च मारून डोळ्यांच्या बाहुल्या बघायचो. काल स्वतःचे नाव सांगून पाणी मागणारा मुलगा आज रात्री हाकेला नुसता कण्हतो, उजवी बाहुली डावीपेक्षा किंचित मोठी दिसते, की डॉक्टरांना फोन आणि पुन्हा सीटी. कवटी काही ताणली जात नाही, म्हणून आत सूज आली की मेंदूवर दाब येतो. पण त्या दाबामागे रक्तस्राव असतो, पाणी साठणे असते, दाह असतो. सगळे खापर एकाच पेशीवर कसे फोडणार?

सूज आहे ना, मग द्या स्टेरॉइड, हा हिशेब पूर्वी आम्हीही केला आहे. डेक्सा (डेक्सामेथासोन) या स्टेरॉइडच्या व्हायल ट्रेमध्ये कायम असत, मी स्वतः भरून दिल्या आहेत. मग २००४ मध्ये ‘क्रॅश’ चाचणीचे निष्कर्ष आले. डोक्याला मार लागलेल्या १०,००८ प्रौढांपैकी निम्म्यांना मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, निम्म्यांना नुसते सलाइनसारखे निरुपद्रवी द्रव्य. दोन आठवड्यांत दगावले ते स्टेरॉइडवाल्यांत शंभरी २१, दुसऱ्या गटात १८. चाचणी मध्येच थांबवावी लागली. स्टेरॉइड साऱ्या शरीरावर काम करते, तेव्हा याचा दोष मायक्रोग्लियाला गप्प करण्याला देता येणार नाही. पण दाह दाबला की रुग्ण वाचतो, हे गृहीत धरणे किती महागात पडते ते दिसले. ट्रे भरणाऱ्या हातांना ते आकडे वाचताना काय वाटले, ते लिहिण्याची ही जागा नाही.

अगदी नेमका प्रयोगही झाला आहे. मार लागून काही महिने उलटलेल्या मोजक्या रुग्णांना मिनोसायक्लिन हे जुने अँटिबायोटिक दिले. मेंदूतल्या हालचाली टिपणाऱ्या पेट (PET) स्कॅनवर मायक्रोग्लियाची खळबळ कमी झालेली दिसली, पण चेतातंतू झिजल्याची खूण असलेले प्रथिन रक्तात वाढले. हा निष्कर्ष २०१८ चा. म्हणजे त्या वेळी त्या पेशी काहीतरी सावरत असाव्यात, असे निदान मला तरी वाटते. उलट बाजूही आहे. २०११ च्या एका पाहणीत काही जणांत ही खळबळ मार लागल्यावर १७ वर्षांनीही सापडली होती, आणि तीही मार बसलेल्या जागेपासून दूर, मेंदूच्या आतल्या थॅलॅमस या भागात. पहिल्या तासाची पेशी आणि सतराव्या वर्षाची पेशी यांना एकच औषध कसे लागू पडेल?

लेखात ‘केव्हा’ हा प्रश्नच नव्हता. पुढचा लेख काढाल तेव्हा तो जरूर घ्या. आणि जमल्यास घरी गेलेल्या रुग्णांबद्दलही लिहा. फाइल छातीशी धरून ओपीडीत आलेली एक बाई मला विचारत होती, ‘‘सिस्टर, स्कॅन नॉर्मल आहे म्हणतात, मग भांडे पडले तरी हे असे अंगावर का येतात?’’ तिला मी थातुरमातुर काहीतरी सांगितले होते.

– एक निवृत्त परिचारिका