मान्निनेनवर दोन कॉलम तरी लिहा की राव

संपादक साहेब, नमस्कार.

विंटर ऑलिम्पिक आलं की आपल्याकडच्या पेपरांत एक छोटी चौकट येते, कुठल्या देशाला किती पदकं, झालं, विषय संपला. त्या चौकटीच्या हिशोबाने बघायचं तर फिनलंडचा हान्नू मान्निनेन म्हणजे कोणी नाहीच, कारण त्याला एकट्याच्या नावावर ऑलिम्पिकचं एकही पदक नाही. आणि हा माणूस नॉर्डिक कम्बाइंडमध्ये ४८ वर्ल्ड कप स्पर्धा जिंकलाय (इथे वर्ल्ड कप म्हणजे दर हिवाळ्यातली अनेक स्पर्धांची मालिका), २००४ ते २००७ सलग चार वर्षं ओव्हरऑल, म्हणजे अख्ख्या मालिकेचा, चॅम्पियन होता!

खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आधी स्की घालून भल्या मोठ्या उतारावरून हवेत उडी मारायची आणि मग त्याच स्पर्धेत क्रॉस-कंट्रीची, म्हणजे बर्फावरून स्कीवर पळायची, कित्येक किलोमीटरची रेस, उडीतल्या पॉइंट्सचे सेकंद करतात, उडीत पहिला आलेला आधी सुटतो, बाकीचे तेवढे तेवढे सेकंद मागून, त्यामुळे शेवटी रेषा जो आधी ओलांडेल तो जिंकला. मला हे भारी आवडतं, निकालाला कॅल्क्युलेटर लागत नाही. गोची अशी की उडीला अंग हलकं पाहिजे आणि रेसला पायात ताकद, दोन्ही एका शरीरात बसवायचं म्हणजे जन्म जातो. मान्निनेनची खरी ताकद रेसमध्ये होती.

मूळचा रोव्हानिएमीचा, आर्क्टिक सर्कलजवळचं गाव. १९९४ ला लिलेहामरच्या ऑलिम्पिकला उतरला तेव्हा पंधरा वर्षांचा होता, म्हणजे आपल्याकडे नववी-दहावीतलं पोरगं. टीममध्ये १९९८ ला सिल्व्हर, २००२ ला गोल्ड, २००६ ला ब्राँझ. पण २००२ मध्ये तिन्ही गोल्ड (दोन एकट्याची, एक हेच टीमचं) घेऊन गेला त्याचाच टीममेट साम्पा लायुनेन, आणि २००६ ला तुरीनमध्ये, ऐन फॉर्मात असताना, मान्निनेन एकट्याच्या स्पर्धांत रिकाम्या हाताने परतला. पुढच्याच वर्षी साप्पोरोला वर्ल्ड चॅम्पियन झाला म्हणा, पण ते चौकटीत येत नाही ना. (बहीण पिर्यो, तीपण क्रॉस-कंट्रीची वर्ल्ड चॅम्पियन, घरच तसलं.)

नंतर रिटायर झाला, परत आला, परत रिटायर झाला, मधल्या काळात फिनएअरचा पायलट झाला, खराखुरा, प्रवासी घेऊन जाणारा. आणि मग २०१८ ला ३९ व्या वर्षी, नोकरी सांभाळून, प्याँगचँगला पुन्हा ऑलिम्पिकमध्ये हजर, सहावं ऑलिम्पिक! कोणी म्हणेल हा हट्ट आहे, आता काय मिळणार होतं त्याला, मला उलट त्याचं तेच सगळ्यात आवडलं, सिद्ध करायला काही उरलं नव्हतं तरी बर्फावर उतरला.

त्याचा ४८ चा रेकॉर्ड पुढे नॉर्वेच्या यार्ल मॅग्नस रीबरने मोडला, ७८ विजय, पाच वेळा ओव्हरऑल. २०२२ ला बीजिंगमध्ये रीबर उडीनंतर पुढे होता आणि रेसमध्ये चुकीच्या रस्त्याला वळला, आठवा आला. क्रोन्स नावाच्या आतड्याच्या आजारामुळे २०२५ मध्ये २७ व्या वर्षी रिटायर झाला, एकट्याचं ऑलिम्पिक गोल्ड त्यालाही नाहीच. म्हणजे विजयांच्या यादीत हे दोघं एवढे वर आणि तुमच्या चौकटीत दोघांचाही पत्ता नाही, आता बोला.

तर विनंती एवढीच, पुढच्या वेळी ती चौकट थोडी लहान करा आणि शेजारी मान्निनेनवर नीट लिहा. फोटो पायलटच्या युनिफॉर्ममधला मिळाला तर तोच छापा.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली