कोपर कसं आहे?

प्रिय चिऊ,

अनेक आशीर्वाद.

काल रात्री ताईच्या तोंडून निसटलं, की तुझं कोपर तीन आठवडे दुखतंय. तिच्यावर चिडू नकोस. बाबाला सांगायचं नाही असं तू तिला बजावलं होतंस, हे तिला बोलून गेल्यावर आठवलं. मी लगेच फोन लावणार होतो. पण फोनवर आपल्या दोघांचं काय होतं ते तुलाही माहीत आहे, म्हणून लिहायला बसलो. कोपराचं एकदाच विचारतो आणि विषय सोडतो. कुठे दुखतंय? बाहेरच्या बाजूला की आतल्या?

ताई म्हणाली, आतल्या. तसं असेल तर मला कारण कळलंय असं वाटतं, आणि त्यात माझा वाटा आहे.

तू निघायच्या आदल्या दिवशी डिस्क गोल्फच्या मैदानावर मी फोन तिवईवर लावला आणि तुझा एकेक बॅकहँड, छातीवरून आडवा ओढून केलेला थ्रो, टिपत राहिलो. टिपलं असतं आणि गप्प बसलो असतो तर ठीक होतं. मी दर थ्रोनंतर बोललो. डिस्कची पुढची कड वर गेली, डावा हात लांब राहिला, पाय उशिरा टेकला, पकड आधीच आवळलीस. तू डिस्क गवतावर ठेवलीस आणि म्हणालीस, "बाबा, माझ्या डोक्यात आता फक्त तुझा आवाज आहे." त्यानंतर तू एकही बॅकहँड फेकला नाहीस. उरलेला सगळा वेळ फोरहँड, आणि तिकडे गेल्यावरही फोरहँडच, असं ताई सांगत होती. फोरहँडवर मी कधी काही बोललो नाही, कारण मला त्यातलं फारसं कळत नाही. म्हणजे माझ्या बोलण्यापासून लांब जायला तू जी वाट धरलीस, ती नेमकी कोपराच्या आतल्या बाजूवरून जाते. तळवा वर, कोपर पुढे निघालेलं, हात मागून झटक्यात येणारा. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या पिचरांचं कोपर ज्या जागी दुखावतं, ताण तिथेच येतो. दिवसाला शंभर-शंभर फोरहँड फेकले तर दुखणारच.

तू गेल्यावर तो व्हिडिओ मी आवाज बंद करून पाहिला. माझाच आवाज बंद केला. छातीपासून डिस्क सुटेपर्यंतचा प्रवास साध्या डोळ्याला दिसतच नाही. सेकंदाला 240 चित्रं घेणाऱ्या स्लो-मोशनमध्येसुद्धा तेवढ्या भागाची मोजकीच चित्रं हाताला लागतात. ती मी एकेक करून पुढे सरकवली. तुझा रीचबॅक सुंदर आहे. डिस्क सरळ मागे जाते, पाठ लक्ष्याकडे वळते, केसांचा रबर नेमका कॅमेऱ्यासमोर येतो. मग ओढायला सुरुवात होते आणि तिथे एका चित्रात उजवा दंड छातीला चिकटलेला दिसतो. कोपर पुढे यायच्या ऐवजी बरगडीशी दबलेलं. तिथून डिस्कला सरळ रेष मिळत नाही. ती अंगाभोवती वळसा घेते आणि उशिरा, उजवीकडे सुटते. त्या दिवशी दहातले सहा थ्रो उजवीकडच्या झाडांत का जात होते, त्याचं उत्तर त्या एका चित्रात होतं. बाकी ज्या डझनभर चुका मी मोजून दाखवल्या, त्यातल्या बऱ्याचशा याच एका चुकीची पिल्लं होती. मला हे त्या दिवशी दिसलं असतं तर एकच वाक्य बोललो असतो.

कोपर बरं झाल्यावर (आधी नाही!) हे करून बघ. लांब जाणारी ड्रायव्हर डिस्क बॅगेतच ठेव, जवळच्या थ्रोचा पटर घे. पटर हळू असतो, चूक लपवत नाही. पाय रोवून उभी राहा, धावत येणं नको. डिस्क उजव्या छातीशी धर, कोपर पुढे काढलेलं, दंड आणि छाती यांच्यात काटकोनाची मोकळी जागा. तिथूनच फेक, मागे नेऊच नकोस. थ्रो जवळच पडेल, पडू दे. डिस्क न डगमगता फिरत निघायला लागली की मग वीतभर मागे नेऊन फेक, मग आणखी वीतभर. ज्या टप्प्यावर दंड पुन्हा छातीला चिकटेल तिथे थांब आणि एक पायरी खाली ये. पायांची पावलं अगदी शेवटी, तीही चालण्याच्या वेगाने. पुढचा पाय टेकला, भार घेतला, मगच कंबर उघडायची, आणि हात सुटल्यावर त्या पायाला टाचेवर फिरू द्यायचं, नाहीतर गुडघा पिळतो. पकड सुरुवातीला सैल, सुटायच्या क्षणी घट्ट. हात मध्येच अडवायचा नाही, पूर्ण फिरू द्यायचा, अडवलेला हात सगळा धक्का कोपरालाच...

बघ. पुन्हा सुरू झालं. एकच गोष्ट सांगायची ठरवून बसलो होतो आणि पाच सांगून झाल्या. माफ कर. वरचा परिच्छेद छातीशी धरायच्या ड्रिलपर्यंतच वाच, पुढचं सोडून दे.

तुझ्या खोलीत भिंतीवर तो कागद अजून आहे, 338 मीटर लिहिलेला. डेव्हिड विगिन्स ज्युनियरचा 2016 चा विक्रमी थ्रो. तू तो चिकटवलास तेव्हा मी म्हटलं होतं, की तो नेवाडाच्या वाळवंटात, पाठीवर वारा घेऊन फेकलेला आहे, मैदानावर त्याचा काय उपयोग. तेव्हाही मी चूकच दाखवली. तू तेरा वर्षांची असताना माझ्या मागे मागे फिरून एड हेड्रिकची गोष्ट सांगितली होतीस, डिस्क ज्यात टाकायची ते साखळ्यांचं बास्केट शोधून काढणारा माणूस, 1975 साली कॅलिफोर्नियात डिस्क गोल्फचं पहिलं कायमचं मैदान आखणारा. 2002 मध्ये तो गेल्यावर त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख डिस्कच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या, हे सांगताना तुझे डोळे पाण्याने भरले होते. मी पेपर वाचत होतो. हूं म्हणालो असेन. आज मला ती गोष्ट तुझ्या तोंडून पुन्हा ऐकायची आहे.

आणि एक सांगायचं राहून गेलंय. त्याच दिवशी, भांडणानंतर, तू बास्केटभोवतीच्या दहा मीटरच्या वर्तुळाच्या चांगलं बाहेरून एक पट मारलास, थेट बास्केटवर नेम धरून. मी पाठमोरा तिवई मिटवत होतो. साखळ्यांचा आवाज ऐकला आणि वळलो तर डिस्क आत होती. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. मी काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर मागे सल्ल्याची शेपटी जोडलीच असती. तो पट मला झोपताना अजून ऐकू येतो. अप्रतिम होता.

ताईच्या पोहण्याचं तुला वेगळं सांगायला नको. तिचा खांदा दुखतोय म्हणाली तेव्हा मी म्हटलं होतं, थोडं सहन कर, स्पर्धा झाली की आराम आहेच. तिने सहन केलं. ती आजही मला एका शब्दाने दोष देत नाही, आणि तेच मला जड जातं. तू दुखणं लपवलंस ते बहुधा मी तुलाही तेच सांगेन असं वाटून. नाही सांगणार. दुखत असेल तर थांब. स्पर्धा गेली तर जाऊ दे. आठवडाभर न फेकता दुखणं ओसरलं नाही, किंवा करंगळीत मुंग्या येत असतील, तर खेळाडूंना तपासणाऱ्या डॉक्टरकडे जा आणि मला नंतर सांगितलंस तरी चालेल. नंतर, पण सांग.

पुढच्या वेळी आपण असं करू. व्हिडिओ तू काढायचास. एक मागून, लक्ष्याच्या रेषेत, एक बाजूने छाती दिसेल असा, दोन्ही कंबरेच्या उंचीवरून. पाठवताना एकच प्रश्न लिहायचास, दंड छातीपासून सुटला का, एवढाच. मी दुसऱ्या दिवशी तेवढ्याचंच उत्तर देईन. तू विचारलं नाहीस ते मला दिसलं तरी माझ्या वहीत राहील. मैदानावर आलो तर डिस्क गोळा करीन.

आईने तुझी निळी डिस्क धुऊन ठेवली आहे. कडेला झाडाची खूण आहे तीच. तुला हवी असेल तर कळव, पाठवतो.

तुझा,
बाबा

ता.क. विषय सोडतो म्हणालो होतो, पण सोडवत नाही. सकाळी उठल्यावर हात पूर्ण सरळ होतो का? एका शब्दात कळवलंस तरी चालेल.