गळ टाकण्याआधी पंचांग पाहा

महोदय,
सुट्टीला ताम्हिणी घाट उतरून खाडीवर गळ टाकायला जाणाऱ्या पुणेकरांनी आधी तिथी पाहावी. पक्षातील तिथीला पाऊण तासाने गुणले की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, पाण्याला फारशी ओढ नसते, मासा सुस्तावतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, म्हणजे मोठ्या भरतीला, उलट, दोराला बांधलेले हलके शिसे वाहून जाते, दोर खडकात अडकतो, म्हणून वजन वाढवा. जिताडा या खाडीतल्या मोठ्या माशासाठी गळाला जिवंत बोई (छोटा मासा) किंवा कोळंबी लावा, पाणी वळतानाची वेळ धरा.

एक कळकळीची विनंती. लहान जिताडा नर असतो, काही वर्षांनी तोच मादी होतो; लहानपणीच मारला, तर पुढची मादीच जाते. वीत-दीड वीत लांबीचा लागला, तर हात ओले करून गळ काढा आणि त्याला पाण्यात सोडा.

– एक वाचक, कोथरूड, पुणे