तिलवाड्याची सम

ति. काकांस शि. सा. न. वि. वि.

पाया पडायला वाकले की तुम्ही "असू दे गं" म्हणून विषय बदलायचात. दोन वर्षांत एकदाही मला नीट आभार मानता आले नाहीत. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहिते आहे.

संगीतात एम.ए. करायला ग्वाल्हेरला आले, तेव्हा आपली तयारी बऱ्यापैकी आहे असं मला वाटत होतं. तोवर अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ, एकतालात गायले होते. एकेक मात्रा चार तुकड्यांत मोजायची, जागा आली की मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, उचलायचा. ग्वाल्हेरच्या ख्यालात ते चालेना. लय मध्यविलंबित, स्थायीपाठोपाठ लगेच अंतरा, आलापसुद्धा बंदिशीच्या बोलांतून, लयीला धरून. मोजायला सवडच नाही. पहिल्या सत्राच्या प्रात्यक्षिकात यमनमध्ये माझी सम, तालाची पहिली मात्रा, दोनदा हुकली. दुसऱ्यांदा तर मी समेच्या थाटात उतरले आणि ठेका कालावर, आवर्तनाच्या मधल्या खाली जागेवर, होता.

लेखी पेपर मात्र छान गेले होते. ग्वाल्हेर घराण्याचे हद्दू-हस्सू खाँ, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ही गायकी महाराष्ट्रात नेली ती हकिगत, १९१८ साली भातखंड्यांच्या पद्धतीवर इथे सुरू झालेलं माधव संगीत महाविद्यालय, सगळं लिहिता येत होतं. जिच्यावर पानं भरत होते ती गायकी गळ्यात येत नव्हती, याचंच फार वाईट वाटायचं. त्या आठवड्यात मी सामान बांधायला काढलं होतं.

आणि तुम्ही जिना चढून वर आलात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या त्या वाड्यात वरच्या खोलीत चालणारा माझा रियाज खाली तुमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतो, हे मला ठाऊकच नव्हतं. "अगं, तू मोजतेस. मोजू नकोस, डग्गा ऐक," एवढंच म्हणालात. डग्गा म्हणजे तबल्याच्या जोडीतला घुमणारा डावा.

पुढचा महिनाभर तुम्ही मला गाऊ दिलं नाहीत. नुसता तिलवाडा तालाचा ठेका हातावर टाळी देत म्हणायचा. धा तिरकिट धिं धिं, धा धा तिं तिं, ता तिरकिट धिं धिं, धा धा धिं धिं. सोळा मात्रा मी कितीदा पाठ केल्या असतील, पण त्यांत वाट कशी ओळखायची ते कुणी दाखवलं नव्हतं. 'धा धा'नंतर 'तिं तिं' आलं, डग्गा गप्प झाला, की पुढे काल. 'धा धा'नंतर 'धिं धिं' घुमलं की पुढे सम. काकू पोळ्या लाटता लाटता विचारायच्या, "आता कुठे आहेस?" आणि मी बोटं न मोजता सांगायला लागले, त्या दिवशी त्यांनी साखरभात केला होता.

मग रोज संध्याकाळी, नोकरीवरून थकून आल्यावर, तासभर तबल्यावर संगत. मी चुकले तरी तुम्ही ठेका कधी थांबवला नाहीत, की माझ्यासाठी सम पुढेमागे केली नाहीत. सांभाळून घेणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही मला माझी माझी परत येऊ दिलंत, आणि त्याचं मोल मला आता, स्वतः शिकवायला लागल्यावर कळतंय. पैशांचं पाकीट मात्र काकूंनी तीनदा परत केलं.

शेवटच्या मंचप्रदर्शनात तुम्ही मागच्या रांगेत बसला होतात. यमनच सुरू होता. पहिल्या समेला तुमचा हात मांडीवर पडलेला मला दिसला. नंतर मी तिकडे पाहिलं नाही, गरजच पडली नाही.

डिसेंबरात तानसेन समारोहाला येणार आहे. काकूंच्या तंबोऱ्याची जोडाची तार तुटलेली होती ना? मिरजेहून तारा घेऊन येते. लावून झाल्या की तिलवाडा वाजवाल?

काकूंना सा. न. कळावे, लोभ असावा.

तुमची,
वरच्या खोलीतली मुलगी