शिंगांची जोडी आणि नसा जपून देणाऱ्या काकांचे जाहीर आभार

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार.

मेलेल्या म्हशीची शिंगं गावोगाव उकिरड्यावर जातात. तुम्ही ती जाऊ दिली नाहीत, म्हणून आमचं शिंगी धनुष्य (शिंग, बांबू आणि नस सरसाने जोडून केलेलं) उभं राहिलं. आभार नेमके कशाचे, ते सगळ्यांसमोर लिहितो.

तुम्ही एकाच म्हशीची जोडी दिलीत. धनुष्याच्या दोन्ही बाहूंवर बसणाऱ्या शिंगाच्या पट्ट्या जाडीत आणि वाकात जुळल्या नाहीत, तर एक बाहू जास्त वाकतो आणि ओढताना धनुष्य पिळतं. आपल्या नागपुरी म्हशीचं शिंग लांब, चपटं, मागे खांद्याकडे वळलेलं. त्यातून तीन-चार सेंटिमीटर रुंद, हातभर लांब अशी सलग पट्टी निघते.

आतलं हाड काढायला तुम्ही शिंग विस्तवात घातलं नाहीत, पाण्यात भिजत ठेवलंत. आतला पडदा कुजला की हाड आपसूक सुटतं, वास मात्र सोसावा लागतो. भाजलेलं शिंग वरून धड दिसतं, पण त्याचे पापुद्रे सुटलेले असतात. पट्टी वाकवली की पांढरी रेघ उमटते आणि पुढे तिथेच ती चिरते.

शिंग दाब सोसतं, म्हणून ते पोटाला, नेमबाजाच्या बाजूला. नस, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा चिवट दोर (रक्ताची शीर नव्हे), ताण सोसते, म्हणून ती पाठीला. मध्ये बांबूचा गाभा. शिंग आणि गाभा दोन्हींवर लांबीने बारीक खाचा पाडायच्या, पातळ सरसाचे (जनावराच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या चिकटीचे) चार-पाच हात द्यायचे, मग सुतळीने आवळून बांधायचं. सरसाची वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवावी, साधारण ६० अंशांवर. सरस उकळला की त्याची पकड गेली.

सगळ्यात मोठं काम तुमच्या नसांनी केलं. मागच्या पायाच्या, टाचेवरच्या त्या नसा तुम्ही चरबी खरवडून, सावलीत वाळवून, अखंड दिल्यात. चरबी राहिली तर सरस धरत नाही. वाळलेली नस लाकडी मोगरीनेच ठेचावी, लोखंडी हातोडीने धागे तुटतात. नीट ठेचली की ती अंबाडीच्या वाखासारखी सुटते. मग विंचरायची, सरसात बुडवायची, दोन बोटांत निथळायची आणि लांबीने बसवायची. असे दोन-तीन थर. पहिला आतपर्यंत वाळल्याशिवाय दुसरा चढवायचा नाही, त्यात आठवडे जातात. वाळताना नस आखडते आणि धनुष्याला उलट्या अंगाने ओढते. बाणाला वेग देण्यात या ओढीचा मोठा वाटा.

आपल्याकडे सरसाचं काम दिवाळी ते होळी एवढ्यातच करावं. पावसाळ्यात सरस ओल धरून सैल पडतो. मे महिन्यात थर वरून झटकन वाळतो, आत ओला राहतो आणि तडकतो.

वाचणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं: सांबर-चितळाचं शिंग हाडाचं असतं, त्याची अशी पट्टी होत नाही. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आहेच, जंगलात पडलेलं शिंगही घरी आणू नये.

काका, तुम्ही फक्त शिंगांचे पैसे घेतलेत. पुढच्या खेपेला नसांचेही घ्या. त्या काढून, खरवडून, वाळवून द्यायची मेहनत शिंगांहून जास्त आहे.

तुमची,
धनुष्य बनवणारी मंडळी