ताई, त्या पेन्सिलीच्या गोलाबद्दल

ताई,

परवा माझी पीएचडीची व्हायव्हा झाली. पास झाल्याचा निरोप मी तुम्हाला लगेच पाठवला, तुमचं "शाब्बास"ही आलं. पण जे खरं सांगायचं होतं ते दोन ओळींत मावेना, म्हणून हे पत्र. आणि ते चारचौघांसमोर लिहितेय, कारण तुम्ही जे केलंत ते माझ्याशिवाय कुणी पाहिलंच नाही.

अडचण वरवर पाहता केवढीशी. सहा चित्रं, एक स्लाइड. सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या पेशींची छायाचित्रं: वरच्या ओळीत औषध न दिलेल्या पेशी, खालच्या ओळीत दिलेल्या, आणि डावीकडून 0, 24, 48 तास. दोन ओळी, तीन रकाने. माझं चार वर्षांचं म्हणणं त्या मांडणीतच होतं. रकान्यात वरून खाली नजर गेली की औषधाचा परिणाम दिसतो, ओळीत डावीकडून उजवीकडे गेली की वेळेचा. स्लाइड मी लाटेकच्या बीमरमध्ये करत होते (लाटेक म्हणजे कोड लिहून पानं मांडायची संगणक प्रणाली, बीमर हा तिचा स्लाइड बनवायचा भाग). त्यात मी प्रत्येक चित्राला मजकुराच्या रुंदीचा 0.33 भाग दिला होता. तीन तेत्तीस नव्याण्णव, म्हणजे बसायलाच हवं. पण तिसरं चित्र दर वेळी खाली घसरायचं. दोन-दोनच्या तीन ओळी व्हायच्या, खालची जोडी स्लाइडबाहेर कापली जायची, आणि सगळ्यात वाईट म्हणजे औषध न दिलेलं 48 तासांचं चित्र औषध दिलेल्या 0 तासांच्या शेजारी येऊन बसायचं. ज्यांची तुलना कधीच करायची नव्हती ते दोघं शेजारी. कुणी तसं पाहिलं असतं तर निष्कर्षच उलटा काढला असता.

तुमच्याकडे येण्याआधी मी चार जणांना विचारलं होतं, आणि ते अजून मनातून जात नाही. एकानं "मॅन्युअल वाच" म्हणून पाठ फिरवली. बीमरचं मॅन्युअल दोनशेच्या वर पानांचं आहे आणि माझ्या हातात तीन दिवस होते. दुसऱ्यानं न समजावता चाळीसेक ओळींचा कोड पाठवला. तो चालला नाही, तर म्हणे तुझ्याकडेच काहीतरी गडबड असेल. तिसऱ्याचा सल्ला, "एवढं जमत नाही तर लाटेकच्या वाटेला जायचं कशाला?" चौथ्यानं आकडा 0.32 करायला सांगितला. चित्रं बसली, पण का बसली हे त्यालाही सांगता येईना. आडव्या फटी एक, उभ्या फटी भलत्याच. एवढी माणसं, पण काय बिघडलंय हे माझ्याशेजारी बसून पाहावं असं एकालाही वाटलं नाही. त्या रात्री मला खरंच वाटायला लागलं होतं की माझीच कुवत कमी आहे.

तुमची-माझी ओळख कितीशी, तर जिन्यात हसण्याइतकी. तुम्ही माझ्या लॅपटॉपला हातही लावला नाहीत. आधी विचारलंत, "यातलं कुठलं चित्र कुठल्या चित्राशी ताडून बघायचंय?" इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मग आलेख कागद काढलात आणि पट्टीनं स्लाइड आखलीत, खऱ्या मापाची. 160 मिलिमीटर बाय 90. बीमरची रुंद स्लाइड मुळात तळहातापेक्षा थोडीच मोठी असते हे मला तेव्हा कळलं; एवढे दिवस मी तिला भिंतीएवढी समजत होते. दोन्ही बाजूंना दहा-दहा मिलिमीटर समास सोडलात, उरले 140. त्याचा 0.33 भाग म्हणजे 46.2; तेवढ्या रुंदीचे तीन चौकोन काढलेत. शिल्लक 1.4.

आणि मग पहिल्या दोन चौकोनांच्या मधल्या कोऱ्या जागेभोवती तुम्ही पेन्सिलीनं एक छोटा गोल काढलात. म्हणालात, "इथं काहीतरी आहे. तुला दिसत नाही, कारण ते दिसण्यासारखं नाहीच."

कोडमध्ये चित्राची ओळ संपवून मी एंटर दाबत होते, आणि टेक्स, म्हणजे लाटेकच्या मुळाशी असलेली प्रणाली, त्या ओळीच्या शेवटाला शब्दांमधल्या मोकळ्या जागेसारखं धरत होती. अशा दोन जागा, मिळून अडीच मिलिमीटरच्या आसपास. दीडही शिल्लक नसताना अडीच कुठून आणायचे? तुम्ही त्या गोलात % लिहिलंत. ओळीच्या शेवटी हे चिन्ह टाकलं की ती जागा नाहीशी होते. मग खाली गणित मांडलंत: 45, 2, 45, 2, 45, बेरीज 139. दोन ओळींच्या मध्येही तेच 2. "फट तू ठरव, त्याला ठरवू देऊ नकोस."

बाकीचं मी रात्री एकटीनं केलं. वेगळ्या कॅमेऱ्यातून आलेलं एक चित्र कापून इतरांच्या मापाचं करायचं होतं, तेही जमलं. पण त्या गोलानं माझ्यावरचं ओझं उतरवलं, ताई. "तू चुकलीस" असं तो म्हणत नव्हता. न दिसणारी गोष्ट न दिसणं हा काही दोष नाही, एवढंच सांगत होता. जाणकार माणसं पुष्कळ भेटतात. आपल्याला येतं ते समोरच्याला लाज न वाटू देता हातात ठेवणारी फार थोडी. टिल टांटाऊ यांनी बीमर पहिल्यांदा तयार केलं ते 2003 मध्ये, स्वतःच्या पीएचडीच्या सादरीकरणासाठी, आणि मग सगळ्यांसाठी मोकळं करून दिलं. हे तुम्हीच जाता जाता सांगितलंत. त्या पहिल्या सादरीकरणापासून माझ्यापर्यंत ही वाट तुमच्यासारख्या माणसांमुळेच आली असणार.

व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ती स्लाइड थांबवायला सांगितली. उठून पडद्याजवळ गेले, तिसऱ्या रकान्यावर वरून खाली बोट फिरवलं आणि म्हणाले, "हं, इथं दिसतंय." मला काही बोलावंच लागलं नाही.

तुमचा आलेख कागद माझ्याकडेच आहे. प्रबंधाच्या माझ्या प्रतीत, त्याच सहा चित्रांच्या पानाशी ठेवलाय. पेन्सिल पुसट होऊ नये म्हणून पारदर्शक कव्हरमध्ये घातलाय.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची