अर्काचे वर्तुळ मोजताना मात्राही सांगा

महोदय,

'अडुळशाचा अर्क प्रतिजैविकाइतकाच प्रभावी' अशा धर्तीच्या बातम्या विज्ञान प्रदर्शनांच्या दिवसांत वाचायला मिळतात. मुलांची मेहनत खरी असते, पण तुलना बहुधा फसलेली असते.

जिवाणू पसरलेल्या आगर (जिवाणू वाढवण्याचे जेलीसारखे माध्यम) प्लेटमध्ये ८ मिमीचे भोक पाडून ५० मायक्रोलिटर अर्क घालतात. अर्क १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असेल, तर भोकात ५ मिलिग्रॅम गेला. शेजारी तुलनेसाठी ठेवलेल्या जेंटामायसिन या प्रतिजैविकाच्या चकतीत औषध असते अवघे १० मायक्रोग्रॅम. म्हणजे अर्क पाचशेपट! दोन्हींभोवती जिवाणू न वाढलेले १५ मिमीचे वर्तुळ उमटले, तरी त्यांची बरोबरी होत नाही. त्यातच वर्तुळ १० मिमीचे असेल, तर ८ मिमी नुसते भोकच. शिवाय तेलकट घटक आगरमध्ये फारसे सरकत नाहीत. गुणकारी असूनही त्यांचे वर्तुळ लहान येते.

म्हणून अर्क दर वेळी निम्मा पातळ करत वाढ रोखणारी किमान मात्रा काढावी. हिरव्या अर्कात जिवाणूंचा गढूळपणा दिसत नाही, त्यामुळे रेझाझुरिन हे रंगद्रव्य वापरतात. जिवंत जिवाणू त्याचा निळा रंग गुलाबी करतात. मात्र काही अर्क जिवाणूंशिवायच तो गुलाबी करतात. तेव्हा चाचणीच्या प्लेटमधल्या एका खळग्यात फक्त अर्क आणि रेझाझुरिन ठेवावेच. एकात जिवाणूंसोबत नुसते द्रावक (ज्यात अर्क विरघळवला ते) हवे, कारण उरलेले इथेनॉल किंवा जास्त झालेले डीएमएसओ हे द्रावकही वाढ रोखते.

रासायनिक चाचण्यांचेही तसेच. ड्रॅगेनडॉर्फ अभिकर्मकाने नारिंगी अवक्षेप आला, तर अल्कलॉइड (वनस्पतींतले नायट्रोजनयुक्त संयुग) असावे एवढेच कळते. ते अडुळशातले व्हॅसिसिनच का, हे पाहायला टीएलसी (पातळ थरावर घटक वेगळे करण्याची पद्धत) प्लेटवर शेजारी शुद्ध व्हॅसिसिनचा ठिपका हवा. फोलिन पद्धतीत 'एकूण फिनॉल' म्हणून येणाऱ्या आकड्यात क जीवनसत्त्वही मिसळलेले असते.

आणि मुळात पान कोणते? ब्राह्मी म्हणून कोणी नीरब्राह्मी देतो, कोणी मंडूकपर्णी. पहिलीत बॅकोसाइड हे संयुग, दुसरीत एशियाटिकोसाइड, कुळेसुद्धा वेगळी. पाने वाळवण्याआधी फुलासह फांदी दाबून नमुना करावा आणि पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण किंवा आघारकर संशोधन संस्थेकडून ओळख पटवून घ्यावी. पावडर झाल्यावर ते फार अवघड जाते.

आपल्या वार्ताहरांनी अशी बातमी देताना दोनच प्रश्न विचारावेत, ही विनंती: भोकात अर्क किती मिलिग्रॅम होता, आणि नुसत्या द्रावकाच्या भोकाभोवती किती मिमीचे वर्तुळ आले?

– वनस्पतिरसायनशास्त्राचे अध्यापक, पुणे